‘बंगाल’ नौकेची हकीकत

सोलापुरांतील सात रस्त्यावर कोणत्याही दिवशीं सकाळीं पाहिलें, तर सात दिशांनीं माणसें व वाहनें येतात आणि सात दिशांनीं पांगतात. तेथें रस्ता डोळ्यांना दिसतो आणि वाट चुकलेल्यास ती सांगणारा कोणीतरी भेटतो. समुद्रावरही असेच रस्ते आहेत व असेच नाके आहेत. मात्र ते पाण्यावर उमटलेले नसतात. कोणत्या बंदराहून कोणत्या बंदरास कसें जावयाचें, हें वारे, प्रवाह आणि तेल-पाणी घेण्याचीं ठिकाणें यांवरून ठरतें. ज्याला हे मार्ग ठाऊक असतात त्याला वाटसरू कोठें गांठावा हेंही ठाऊक असतें. शांततेच्या काळीं या माहितीचा उपयोग व्यापाऱ्यास होतो, युद्धाच्या काळीं वाटमाऱ्यास.

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरांत दुसऱ्या महायुद्धांतील सागरी लढाईची झळ पोंचली ती रॉकेलच्या टंचाईनें. १९४२ च्या पहिल्या सहामाहींत ब्रह्मदेश आणि डच ईस्ट इंडीज हे दोन्ही तेलाचे प्रदेश जपानच्या हातीं गेले. मग हिंदुस्थानाला काय किंवा ऑस्ट्रेलियाला काय, तेलासाठीं इराणच्या आखाताकडे तोंड करण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. अबादानला तेल भरावयाचें, हजारों मैल हिंदी महासागर ओलांडून तें पोंचवावयाचें आणि रिकाम्या टाक्यांनिशीं परत अबादानला जावयाचें, असा तेलवाहू आगबोटींचा फेरा सुरू झाला. या आगबोटी मंद चालीच्या, आणि भरलेल्या असल्या म्हणजे एका ठिणगीनें पेटणाऱ्या. त्यांच्या सोबतीला कोणीतरी देणें भाग होतें, आणि मोठ्या युद्धनौका तर हव्या तितक्या नव्हत्या. म्हणून लहान नौका द्याव्या लागल्या. अशाच एका लहान नौकेची ही हकीकत आहे. ती नौका हिंदी नौदलाची होती आणि तिचें नांव ‘बंगाल’.

१९३४ सालीं ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हें नांव मिळालेल्या या नौदलाचें मुख्य ठाणें मुंबईस होतें. त्याच्या खलाशांत पूर्वीपासून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी मुसलमान घराण्यांतील तरुणांचा भरणा मोठा असे. १९३९ सालीं युद्धास तोंड लागलें तेव्हां सारीं माणसें मिळून दोन हजारही नव्हतीं. युद्ध संपेतोंवर ही संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. माणसें भरती करतां येतात, पण नौका कोठून आणावयाच्या? इंग्लंडच्या गोद्या आपल्याच कामांत गढून गेलेल्या. तेव्हां ऑस्ट्रेलियाकडे मागणी करण्यांत आली. तेथें ‘बाथर्स्ट’ वर्गाच्या नौका एकापाठोपाठ एक तयार होत होत्या. या वर्गाच्या एकंदर साठ नौका बांधल्या गेल्या व त्यांपैकीं चार हिंदुस्थानच्या वांट्यास आल्या. ‘बंगाल’, ‘बाँबे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’ अशीं प्रांतांचीं नांवें त्यांना देण्यांत आलीं.

सरकारी कागदांत यांना सुरुंग काढणाऱ्या नौका म्हणत. खलाशी मात्र त्यांना कॉर्व्हेट म्हणत. लांबी १८६ फूट, वजन सुमारें ६५० टन, वेग ताशीं पंधरा सागरी मैल. समुद्रांत पेरलेले सुरुंग उचलणें आणि पाण्याखालीं दडलेल्या पाणबुडीचा आवाजावरून माग काढून तिच्यावर स्फोटक पिंपें टाकणें, हीं तिचीं खरीं कामें. तोफेची लढाई करावी अशी तिची घडणच नव्हती. ‘बंगाल’वर एकच मोठी म्हणण्यासारखी तोफ होती, ती बारा पौंडी, म्हणजे तिचा गोळा बारा-साडेबारा पौंड वजनाचा. याशिवाय विमानांवर मारा करण्यासाठीं कांहीं हलक्या तोफा होत्या.

सिडने बंदरांतील कॉकाटू बेटावरच्या गोदींत ‘बंगाल’ बांधली गेली व २८ मे १९४२ रोजीं पाण्यांत सोडण्यांत आली. त्यानंतर तीनच दिवसांनीं, ३१ मेच्या रात्रीं, तीन चिमुकल्या जपानी पाणबुड्या त्याच बंदरांत शिरल्या. त्यांनीं सोडलेल्या पाणतिरानें ‘कटाबुल’ ही बोट बुडाली आणि तिच्यावर झोपलेले एकवीस नाविक मृत्युमुखीं पडले. ‘बंगाल’ची बहीण ‘बाँबे’ त्या रात्रीं बंदरांतच होती. शत्रु गोदीच्या दारापर्यंत येऊं शकतो, हें त्या नौकेवरील हिंदी खलाशांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

‘बंगाल’ ८ ऑगस्ट १९४२ रोजीं सेवेंत दाखल झाली. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन हे राखीव दलांतील होते. व्यापारी आगबोटींवरील जे अधिकारी युद्धकाळीं नौदलांत येत, त्यांचें हें दल. आगबोटीवर काम केलेल्या माणसाला आगबोट किती असहाय असते याची कल्पना नौदलाच्या शाळेंत शिकलेल्यापेक्षां अधिक असावी, असें मानण्यास हरकत नाहीं. नव्या नौकेला आतां हिंदुस्थानांत यावयाचें होतें. वाटेंत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरीं तिच्याकडे एक सोबत सोंपविण्यांत आली. ही ‘ओंडिना’ नांवाची डच तेलवाहू आगबोट, सहा हजार टनांहून मोठी. तिच्यावर डच अधिकारी आणि चिनी खलाशी होते. टाक्या रिकाम्या करून ती अबादानकडे परत निघाली होती. तिच्या पिछाडीवर एक चार इंची तोफ बसविलेली होती. व्यापारी आगबोटीची तोफ मागेंच असावयाची, कारण तिनें पळावयाचें आणि पळतां पळतां पाठलाग करणाऱ्यावर गोळा टाकावयाचा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. त्या तोफेसाठीं गोळे होते सारे तीस-बत्तीस. ५ नोव्हेंबर रोजीं दोघी दिएगो गार्सिया बेटाकडे निघाल्या.

याच पाण्यांत ‘होकोकु मारु’ व ‘आयकोकु मारु’ या दोन जपानी आगबोटी शिकार शोधीत होत्या. उतारूंसाठीं बांधलेल्या या नव्या व वेगवान आगबोटींवर साडेपांच इंची तोफा, पाणतिरांच्या नळ्या व टेहळणीचीं विमानें चढवून जपाननें त्यांना सशस्त्र लुटारू बनविलें होतें. प्रत्येक आगबोट दहा हजार टनांहून मोठी. व्यापारी आगबोटीचे टन आणि युद्धनौकेचे टन हीं मापें एकच नव्हेत, म्हणून ती ‘बंगाल’च्या सोळापट होती असें सरळ म्हणतां येणार नाहीं, पण डोळ्यांना दिसणारा फरक त्याच तोलाचा. त्यांच्या एका गोळ्याचें वजन ‘बंगाल’च्या गोळ्याच्या सहापटींहून जास्त, आणि वेग ताशीं एकवीस मैल. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांनीं ‘गेनोटा’ ही दुसरी एक डच तेलवाहू आगबोट पकडली होती, जूनमध्यें ‘एलिसिया’ बुडविली होती आणि जुलैमध्यें ‘हौराकी’ ताब्यांत घेतली होती.

११ नोव्हेंबर १९४२ रोजीं, मध्यान्हीच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस कांहींशें मैलांवर या चौघींची गांठ पडली. किनारा कोठेंच जवळ नव्हता आणि मदत येण्याचा संभव नव्हता.

येथें क्षणभर थांबून विल्सन यांच्यापुढें कोणते मार्ग होते तें पाहिलें पाहिजे. पळावें तर ‘बंगाल’चा वेग शत्रूच्या वेगाहून सहा मैलांनीं कमी, आणि ‘ओंडिना’चा त्याहूनही कमी. लढावें तर विजयाची आशा नाहीं. परंतु सोबतीस दिलेल्या नौकेचें काम शत्रूस जिंकणें हें नसतेंच. शत्रूला आपल्याकडे गुंतवून ठेवून दुसऱ्याला वेळ मिळवून देणें हें असतें. म्हणून विल्सन यांनीं ‘ओंडिना’ला दूर जाण्याचा इशारा दिला आणि ‘बंगाल’चें तोंड सरळ ‘होकोकु मारु’कडे वळविलें. हा आततायीपणा होता असें कोणास वाटेल. पण अंतर जितकें कमी तितका लहान तोफेचा उपयोग अधिक, आणि समोरून येणारी अरुंद नौका आडव्या नौकेपेक्षां टिपण्यास कठीण, हाही हिशेब त्यांत आहे.

‘ओंडिना’चे कप्तान विलेम होर्समन यांच्या आगबोटीची पिछाडीवरची तोफही बोलूं लागली. थोड्याच वेळांत एक गोळा ‘होकोकु मारु’च्या मागच्या भागावर बसला. तेथें स्फोट झाला, आग भडकली, ती दारूगोळ्यापर्यंत पोंचली. आणि ती प्रचंड आगबोट बुडाली. तिच्यावरील ३५४ माणसांपैकीं ७६ माणसें, कप्तानासह, प्राणास मुकलीं.

तो गोळा कोणाचा? ‘बंगाल’वरील लोकांना तो आपला वाटला आणि ‘ओंडिना’वरील लोकांना आपला. युद्धकाळांत हिंदुस्थानांत श्रेय ‘बंगाल’ला देण्यांत आलें, डचांकडून ‘ओंडिना’ला. पुढें जे अभ्यास झाले त्यांचा कल बहुतेक ‘ओंडिना’च्या चार इंची तोफेकडे आहे, आणि तोफांचीं मापें पाहतां तें संभवनीयही दिसतें. दोन्ही तोफा एकाच लक्ष्यावर चालत असतां धुरांतून कोणता गोळा कोठें पडला, याचा निवाडा प्रत्यक्ष उडविणाऱ्यासही देतां येत नसतो. हें मान्य केल्यानें ‘बंगाल’चा कमीपणा होत नाहीं. ती नौका अंगावर चालून आली नसती तर शत्रूनें पहिल्या मिनिटापासून आपल्या साऱ्या तोफा ‘ओंडिना’वर रोखल्या असत्या.

‘आयकोकु मारु’ मात्र अजून शाबूत होती. ‘बंगाल’ला गोळे लागले होते आणि तिचा दारूगोळा संपत आला होता. तिनें धुराचा पडदा केला व ती माघारीं वळली. या माघारीबद्दल मतभेद होऊं शकतो, कारण ‘ओंडिना’ मागें राहिली होती. पण तोफ रिकामी झालेल्या नौकेनें तेथें थांबून आणखी एक बळी दिला असता, यापेक्षां अधिक कांहीं साधलें असतें असें दिसत नाहीं. आश्चर्याची गोष्ट ही कीं ‘बंगाल’वरील एकही मनुष्य दगावला नाहीं.

‘ओंडिना’वर जें घडलें तें अधिक दारुण आहे. तिचेही गोळे संपले. होर्समन यांनीं शरणागतीची खूण करण्यास सांगितलें. परंतु मारा चालूच राहिला आणि त्यांत ते मारले गेले. खलाशी होड्यांत उतरले. ‘आयकोकु मारु’नें जवळ येऊन आगबोटीवर पाणतीर मारले, आणि मग होड्यांवरही यांत्रिक बंदुकांचा मारा केला, त्यांत आणखी कांहीं माणसें गेलीं. त्यानंतर बुडालेल्या सोबतिणीचे लोक पाण्यांतून काढण्यासाठीं ती शत्रुनौका निघून गेली. एका बाजूस कललेली, जळणारी ‘ओंडिना’ आतां बुडेल असें पाहणाऱ्या प्रत्येकास वाटलें असेल. ती बुडाली नाहीं. तेलवाहू आगबोटीचें पोट अनेक बंद टाक्यांत विभागलेलें असतें. एकदोन टाक्या फुटल्या तरी बाकीच्या तिला तरंगत ठेवतात, आणि या टाक्यांत त्या दिवशीं तेल नव्हतें. होड्यांतील माणसें परत वर चढलीं. त्यांनीं आग विझविली, दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन आगबोट सरळ केली, यंत्रें चालू केलीं आणि ज्या बंदराहून निघालीं होतीं त्याकडेच तोंड वळविलें.

‘बंगाल’ १७ नोव्हेंबर रोजीं दिएगो गार्सियास पोंचली आणि तिनें ‘ओंडिना’ बहुधा गेली असें कळविलें. दुसऱ्याच दिवशीं, १८ नोव्हेंबरला, ‘ओंडिना’ स्वतःच्या यंत्राच्या बळावर फ्रीमँटल बंदरांत शिरली. मधल्या आठवड्यांत दोन्ही नौकांवरील माणसांना एकमेकांच्या नशिबाची कांहींच खबर नव्हती.

विल्सन यांना डी. एस. ओ. हें मानचिन्ह मिळालें. ‘बंगाल’वरील कांहीं हिंदी खलाशांनाही शौर्यपदकें देण्यांत आलीं. युद्धकाळीं या लढाईचा गाजावाजा पुष्कळ झाला, कारण सरकारला नौदलाची भरती वाढवावयाची होती. त्याच नौदलाच्या खलाशांनीं सव्वातीन वर्षांनंतर, १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं, निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची वागणूक यांविरुद्ध मुंबईस बंड पुकारलें. पदकें देणाऱ्यांनीं त्या तक्रारी वेळेवर ऐकल्या असत्या तर बरें झालें असतें.

‘आयकोकु मारु’ला १७ फेब्रुवारी १९४४ रोजीं ट्रक बेटांपाशीं अमेरिकन विमानांनीं गांठलें, ती भयंकर स्फोटानें नाश पावली. ‘ओंडिना’ दुरुस्त होऊन पुन्हां तेल वाहूं लागली. ‘बंगाल’ला त्यानंतर अशी लढाई करावी लागली नाहीं, राहिलेलें युद्ध तिनें आगबोटींची सोबत करण्याच्या नित्याच्या कामांत काढलें, आणि त्या कामांत सांगण्यासारखें कांहीं घडूं नये हाच त्याचा हेतु असतो. फाळणीच्या वेळीं सुरुंग काढणाऱ्या नौकांची वांटणी झाली तेव्हां बारा भारताकडे व चार पाकिस्तानकडे गेल्या. भारताकडे आलेल्यांत ‘बाँबे’, ‘मद्रास’ व ‘कोंकण’ या नौकांबरोबर ‘बंगाल’ही होती. १९६० सालीं ती मोडींत काढण्यांत आली.