प्राणवायू शोषणारे बूच : सरबत, काकवी आणि उसाच्या रसाला कितपत उपयोगी?

कोल्हापुरात मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्त्यांतून घरच्या घरी लिंबू, आवळा, कोकम, जांभूळ यांची सरबते करून, तसेच गुऱ्हाळाच्या हंगामात काकवी बाटल्यांत भरून विकणारी कुटुंबे आणि बचत गट आहेत. बाटली काचेची, वर दाबून बसविलेले पत्र्याचे बूच, अशीच बहुधा पद्धत असते. अशा उत्पादकांना "प्राणवायू शोषणारे बूच वापरा, माल वर्षभर टिकेल" असे सांगितले जाते. हे बूच साध्या बुचापेक्षा महाग पडते. त्यावर पैसे घालण्यापूर्वी ते नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे समजून घेणे जरूर आहे.

हे बूच मूळचे बिअरच्या धंद्यातले. बिअरला हवा लागली की काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून बुचाच्या आतील प्लॅस्टिकच्या चकतीत सोडियम सल्फाईटसारखा पदार्थ मिसळून तो बाटलीतील उरलेला प्राणवायू ओढून घेईल, अशी योजना करण्यात आली. परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोकही ही बुचे वापरतात. गंमत अशी, की त्यांच्या बाटलीत जिवंत यीस्ट असते आणि ते स्वतःच बराचसा प्राणवायू खाऊन टाकते. त्यामुळे त्यांनाही या बुचाचा फायदा थोडाच, आणि तोही बाटली कित्येक महिने ठेवली तरच. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय येथेच सोडू. बूच मात्र तेच आहे आणि प्रश्न आपल्या सरबताचा आहे.

बाटलीत प्राणवायू असतो तरी किती?

६५० मि.लि. च्या बाटलीत बुचाखाली ३० मि.लि. जागा रिकामी राहिली असे समजू. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. म्हणजे त्या जागेत सव्वासहा मि.लि., वजनात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू झाला. सरबतात विरघळलेला थोडा त्यात मिळवून १० मिलिग्रॅम धरू. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण १ मिलिग्रॅम प्राणवायू ११ मिलिग्रॅमपर्यंत क जीवनसत्त्व नष्ट करू शकतो. लिंबाच्या १०० मि.लि. रसात क जीवनसत्त्व साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. चौथा हिस्सा रस घातलेल्या स्क्वॅशच्या बाटलीत ते ५० ते ८० मिलिग्रॅमच भरते. म्हणजे बुचाखाली कोंडलेली हवा ते सगळे संपविण्यास पुरेशी आहे. लिंबाचे सरबत चार महिन्यांत तपकिरी होऊन कडवट लागते, त्यामागे हे मोठे कारण आहे. आवळ्यात क जीवनसत्त्व मुळातच कितीतरी पट अधिक, त्यामुळे तेथे हे नुकसान तितके जाणवत नाही.

मग बूच घ्यावे का? त्याआधी आपण स्क्वॅशमध्ये काय घालतो ते पाहा. पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, म्हणजे के.एम.एस., किलोला ६०० मिलिग्रॅम घातले की सुमारे ३५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साईड मिळतो. कायद्याची मर्यादाही ३५० चीच आहे. बुचाच्या चकतीतील सल्फाईट हा या के.एम.एस.चाच भाऊबंद. १ मिलिग्रॅम प्राणवायू मारण्यास ४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साईड लागतो, म्हणजे आपल्या १० मिलिग्रॅमसाठी ४० मिलिग्रॅम. बाटलीत तो २०० मिलिग्रॅमहून अधिक असतो. त्यातील काही साखरेला बांधला गेला तरी उरलेला पुरतो. ज्याच्या स्क्वॅशमध्ये के.एम.एस. योग्य मात्रेत आहे, त्याने हे बूच घेणे म्हणजे एकाच पिकाला तेच खत दोनदा देण्यासारखे आहे.

रंगीत सरबतांची गोष्ट वेगळी. कोकम, जांभूळ, करवंद यांचा लाल-जांभळा रंग के.एम.एस.ने उडतो, म्हणून त्यांत सोडियम बेन्झोएट वापरतात. बेन्झोएट यीस्ट व बुरशी रोखते, पण प्राणवायू शोषून घेत नाही. माझ्या मते या बुचाला खरी जागा आहे ती येथेच, आणि तीही माल सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचा असेल तर. मे महिन्यात भरून पावसाळा लागण्यापूर्वी संपणाऱ्या मालाला त्याची गरज नाही.

त्याआधीचा स्वस्त उपाय मात्र करून पाहावा. के.एम.एस. नसलेले सरबत ८२ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, गरम पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरमच भरावे. बाटली थंड असेल तर ती तडकते. तापविल्याने सरबतात विरघळलेली हवा निघून जाते आणि बुचाखालच्या जागेत हवेऐवजी बरीच वाफ राहते. बूच लावून बाटली दोन-तीन मिनिटे आडवी ठेवली म्हणजे बुचाची आतील बाजूही तापून निर्जंतुक होते. तोंडाखाली दोन ते अडीच सें.मी. पेक्षा जास्त जागा सोडू नये. बाटल्या हाताने भरताना कोणी गळ्यापर्यंत तर कोणी खांद्यापर्यंत भरतो. खांद्यापर्यंत भरलेल्या बाटलीतील हवा निस्तरणे कोणत्याही बुचाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

बूच नीट बसले आहे की नाही, हेही पाहावे. जुन्या बाटल्या परत वापरताना तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा. टवका उडालेली बाटली बाजूला काढा. दाबल्यानंतर बुचाचा बाहेरील व्यास साधारण २८.६ ते २८.८ मि.मी. असावा. सैल बुचातून रोज हवा आत येत असेल, तर चकतीतला पदार्थ थोड्याच दिवसांत संपतो. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तर भिंतीतूनच प्राणवायू झिरपतो, त्यामुळे तिच्यावर असे झाकण लावून विशेष काही साधत नाही.

काकवी आणि उसाचा रस

काकवी बिघडते ती मुख्यतः प्राणवायूमुळे नव्हे. ती पातळ राहिली तर फसफसते, फार आटली तर तळाशी साखर धरते. फसफसणे हे यीस्टचे काम. यीस्टला प्राणवायू मिळाला नाही तरी ते साखरेपासून मद्य आणि वायू तयार करतेच. असा वायू साठून बाटली फुटते, आणि शोषक बूच त्याला अजिबात अडवीत नाही. येथे गुळव्याचा हात आणि थर्मामीटर महत्त्वाचा. काकवी १०५ ते १०६ अंशांवर काहिलीतून उतरवावी, साखर धरू नये म्हणून किलोला ४०० मिलिग्रॅम सायट्रिक ॲसिड घालावे, आणि आठ-दहा दिवस झाकून निवळू दिल्यावरच वरची स्वच्छ काकवी बाटलीत भरावी. बुचाचे पैसे येथे थर्मामीटरवर घालावेत.

उसाच्या रसाबाबत मात्र स्पष्टच सांगावे लागते. चरकातून निघालेला रस थोड्याच वेळात काळपट पडतो, हे प्रत्येक रसवंतीवाल्यास माहीत आहे. हे काम रसातील एन्झाईम हवेच्या मदतीने काही मिनिटांतच सुरू करते. शोषक बुचाला परिणाम दाखविण्यास कित्येक दिवस लागतात. तोवर रस काळा होऊन गेलेला असतो. याहून गंभीर बाब म्हणजे उसाच्या रसाचा सामू सुमारे ५.२ ते ५.४ असतो. सामू ४.६ च्या वर असलेल्या पातळ पदार्थातून प्राणवायू काढून तो साध्या तापमानाला ठेवला, तर बोट्युलिझमचे विष तयार करणाऱ्या जिवाणूंना अनुकूल परिस्थिती मिळते. हे जिवाणू प्राणवायू नसतानाच वाढतात, त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, आणि त्यांच्या विषाने माणूस दगावतो. रस काळा झाला तर गिऱ्हाईक परत जाईल, पण येथे गिऱ्हाइकाच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून उसाचा रस घरगुती पद्धतीने बाटलीत भरून, शोषक बूच लावून कपाटात ठेवू नये. तो ताजा किंवा बर्फाच्या पेटीतला, त्याच दिवशी विकावा.

बूच घेतलेच तर

चकतीतील पदार्थ ओलाव्याने जागा होतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पाकीट उघडे राहिले तर बुचे बाटलीवर चढण्यापूर्वीच निकामी होतात. ती हवाबंद डब्यात ठेवावीत आणि त्या दिवशी लागतील तेवढीच बाहेर काढावीत. साध्या बुचांप्रमाणे ती आदल्या रात्री भिजत घालू नयेत, उकळूही नयेत. लावण्याच्या आधी निर्जंतुक पाण्यातून काढून लगेच दाबावीत.

खर्च परवडतो का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गेल्या हंगामात रंग उतरला किंवा चव गेली म्हणून परत आलेल्या बाटल्या मोजा. फसफसलेल्या, गळलेल्या बाटल्या त्यात धरू नका, कारण त्यांवर हे बूच उपाय नाही. परत आलेल्या बाटल्यांची किंमत बुचांच्या वाढीव खर्चापेक्षा कमी भरली, तर साधे बूच बरे.

शंका उरली तर प्रयोग करावा. एकाच घाण्याच्या कोकम किंवा जांभूळ सरबताच्या २४ बाटल्या सारख्या उंचीपर्यंत भराव्यात. १२ बाटल्यांना साधे व १२ ना शोषक बूच लावावे. आपण पिकाच्या प्रयोगात वाफे चिठ्ठ्या टाकून ठरवितो, तसेच कोणत्या बाटलीला कोणते बूच हे चिठ्ठीने ठरवावे, खूण फक्त तळाशी करावी आणि सर्व बाटल्या एकाच खोक्यात मिसळून अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. तीन, सहा आणि नऊ महिन्यांनी प्रत्येक प्रकारच्या चार बाटल्या उघडून, खूण माहीत नसलेल्या तिघांना पांढऱ्या कपबशीत रंग दाखवावा आणि चव द्यावी. सहा महिन्यांपर्यंत तिघांनाही फरक सांगता आला नाही, तर पुढच्या हंगामात साधीच बुचे मागवावीत.