सशाची शिकार : चोवीसशे वर्षांपूर्वीचे धडे

ग्रीक भाषेत शिकारीवरचं जे सर्वांत जुनं पुस्तक आज उपलब्ध आहे, त्यात सिंह, बिबटे आणि अस्वलं यांची बोळवण एका छोट्याशा प्रकरणात केली आहे. हरणांना एक प्रकरण, रानडुकराला एक. उरलेल्या पुस्तकाचा मोठा भाग एकट्या सशाने अडवलाय. पुस्तकाचं नाव ‘किनेगेतिकोस’, आणि ते झेनोफनच्या नावावर आहे. हा अथेन्सचा माणूस सॉक्रेटिसचा शिष्य होता. इराणच्या गादीच्या भांडणात भाडोत्री म्हणून गेलेल्या दहा हजार ग्रीक सैनिकांना शत्रूच्या मुलखातून परत आणणाऱ्या सेनानींपैकी तो एक. पुढे ऑलिम्पियाजवळ स्किलस नावाच्या गावी तो स्थायिक झाला आणि तिथे शिकारीत रमला.

इराणी फौजा पाहिलेल्या माणसाने तीन-चार किलोच्या प्राण्यावर इतकी शाई का खर्चावी? सशाला मारणं अवघड नसतं, अवघड असतं त्याला शोधणं, म्हणून. झेनोफनने दिलेल्या सूचना एकेक करून वाचत गेलो की लक्षात येतं, शिकाऱ्याची प्रत्येक युक्ती म्हणजे सशाच्या एकेका करामतीची नोंद आहे. पाठलाग करणाऱ्याने नकळत पळणाऱ्याचं चरित्र लिहून ठेवलंय.

पहिली सूचना वेळेची. हिवाळ्यात दंव गोठलेलं असताना भल्या पहाटे कुत्री सोडू नका, ऊन वर येऊ द्या. गारठ्यात माग गोठून राहतो, कुत्र्यांची नाकंही बधिर होतात. ऊन लागलं की वास मोकळा होतो. झेनोफनला वाफेचं शास्त्र माहीत नव्हतं, पण निरीक्षण पक्कं होतं. वास म्हणजे हवेत उडणारे रेणू, आणि थंडीत ते कमी उडतात. थिजलेल्या तुपाचा डबा उघडला तरी वास येत नाही, तेच कढवलं की घरभर दरवळतं, तसंच हे. मुसळधार पाऊस माग धुऊन टाकतो आणि वसंतात रानफुलांचा दरवळ कुत्र्यांचं लक्ष उडवतो, हेही त्याने टिपलंय. पौर्णिमेच्या रात्री ससे चांदण्यात लांब लांब उड्या मारत खेळतात, त्यामुळे सकाळी त्यांचा माग तुटक आणि विस्कळीत सापडतो, असंही तो सांगतो.

दुसरी सूचना तर कमालीची बारीक आहे. सशाचे माग दोन प्रकारचे, झेनोफन म्हणतो. एक निजायला जातानाचा, दुसरा पळतानाचा. निजायला जाणारा ससा थांबत थांबत जातो, म्हणून त्याचा वास जमिनीत मुरतो आणि बराच वेळ टिकतो. पळणारा ससा जमिनीला जेमतेम शिवतो, त्यामुळे तो वास लवकर विरतो. पण या टिकाऊ मागावरही ससा भरवसा ठेवू देत नाही. निजायच्या जागेजवळ आला की तो आल्या वाटेने उलटा फिरतो, स्वतःच्याच मागावर पुन्हा चालतो आणि मग एकदम बाजूला लांब उडी घेतो. कुत्रं वास घेत घेत जिथे पोचतं, तिथे वाट अचानक संपलेली असते.

उघड्या डोळ्यांनी माग काढणाऱ्यालाही ससा फसवतो. ओल्या मातीत त्याचे ठसे पाहा. आधी दोन लहान गोल ठसे, बहुधा एकामागे एक; त्यांच्या पुढे दोन लांबट ठसे, शेजारी शेजारी. नवखा माणूस म्हणेल, लांबट पाय मागचे, म्हणजे ससा उलट्या दिशेला गेला. प्रत्यक्षात उडी मारताना सशाचे मागचे पाय पुढच्या पायांना ओलांडून पुढे पडतात. मोठे ठसे ज्या बाजूला, ससा त्या बाजूला गेला. तळपायाला कुत्र्या-मांजरासारख्या उघड्या गाद्या नसतात, दाट केस असतात. म्हणून ठसा बहुतेकदा धूसरच उमटतो.

तिसरी सूचना : गप्प राहा. हलके कपडे घाला, हातात काठी घ्या, जाळं सांभाळणाऱ्या गड्याला मागे ठेवा आणि बोलू नका. कारण ससा जवळच बसलेला असतो. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा ढेकळांच्या आडोशाला अंगाएवढी उथळ खळगी करतो. खळगीचा मागचा भाग जास्त खोल, तिथे पुठ्ठा टेकवायचा. पुढचा भाग उथळ, तिथून नाक आणि डोळे बाहेर. कान पाठीवर सपाट टाकलेले. हिवाळ्यात तो उन्हाची जागा धरतो, उन्हाळ्यात सावलीची. माणूस चार हातांवरून निघून जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. जुने शिकारी म्हणूनच सांगतात की चालत राहू नका, मध्येच थांबा. चालणारा माणूस पुढे निघून जाणार, हा सशाचा हिशेब असतो. तो थांबला की हिशेब चुकतो आणि ससा उसळतो.

उसळल्यावर काय, हे खरं पाहण्यासारखं. युरोपातला ससा ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. मागचे पाय पुढच्यांहून बरेच लांब असल्यामुळे चढावर त्याला फायदा मिळतो, आणि चढ दिसला की तो तिकडेच वळतो. त्यात तो सरळ पळत नाही. धावता धावता एकदम काटकोनात फिरतो आणि वेगात आलेलं कुत्रं पुढे घसरत जातं. भित्र्या माणसाला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो खरं, पण काळीज मोजलं तर उलटंच दिसतं. माळावरच्या सशाचं हृदय त्याच्या वजनाच्या एक टक्क्याहून अधिक भरतं, बिळात राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या सशाचं जेमतेम ०.३ टक्के. हे काळीज पळण्यासाठीच घडलंय.

झेनोफन इथे एका ठिकाणी चुकलाय. सशाची नजर अधू असते, असं तो लिहितो. खरं तर डोकं न वळवता सशाला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, कारण डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना आणि वरच्या बाजूला असतात. फक्त नाकाच्या अगदी पुढचा छोटा पट्टा त्याला दिसत नाही. सगळीकडून येणाऱ्या शत्रूवर लक्ष ठेवायचं तर एवढी किंमत परवडते.

या नजरेचा एक उपयोग मात्र झेनोफनच्या पुस्तकात नाही. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये सशांचं निरीक्षण करणाऱ्या अँथनी हॉली यांनी १९९३ साली तो मांडला. मोकळ्या शेतात कोल्हा जवळ येताना दिसला की ससा पळत नाही. तो मागच्या पायांवर ताठ उभा राहतो, कोल्ह्याकडे तोंड करतो आणि पांढरं पोट दाखवतो. ‘तुला पाहिलंय’ हा निरोप मिळाला की कोल्हा बहुधा नाद सोडतो, कारण सावध सशाला धावून पकडणं त्याला जमत नाही. कुत्र्यापुढे मात्र ससा असा उभा राहत नाही. कुत्रं दमेपर्यंत पाठलाग करतं, त्याला निरोप देऊन काय उपयोग? कोणत्या शत्रूशी बोलायचं आणि कोणापासून पळायचं, हे ससा ओळखतो.

झेनोफनचा एक नियम मनाला भिडतो : अगदी लहान पिल्लं मारू नयेत, ती देवीसाठी सोडावीत. देवी म्हणजे शिकारीची देवता आर्टेमिस. ही पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. युरोपातल्या सशाची आई त्यांच्यापाशी बसून राहत नाही. पिल्लं काही दिवसांतच इकडेतिकडे पांगून लपतात आणि सूर्यास्तानंतर जन्मस्थळी गोळा होतात. आई दिवसातून एकदाच येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. तिच्या वासावरून शत्रूला पिल्लं सापडू नयेत, यासाठी हा दुरावा.

सशी गाभण असतानाच पुन्हा गाभण राहते, असं हिरोडोटसने इसवीसनपूर्व पाचव्या शतकात लिहिलं होतं. सगळ्यांचं भक्ष्य असलेल्या प्राण्याला निसर्गाने भरपूर पिल्लं दिली, असा त्याचा तर्क. सोनं उकरणाऱ्या मुंग्यांची हकिकत सांगणाराही हाच हिरोडोटस, त्यामुळे हेही लोकांना थापच वाटावी. पण २०१० मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी सोनोग्राफीने ते सिद्ध केलं. जवळपास बेचाळीस दिवसांच्या गर्भारपणाच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत मादी पुन्हा नराशी जुगते. नवे गर्भ बीजवाहिनीत थांबून राहतात आणि आधीची पिल्लं बाहेर पडली की गर्भाशयात उतरतात. दोन विणींमधलं अंतर त्यामुळे काही दिवसांनी घटतं.

बिळात राहणाऱ्या सशांची तऱ्हा निराळी. ते मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. आपल्या घरी पिंजऱ्यात असतात ते पांढरे ससे त्यांचेच वंशज. त्यांची पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात. माळावरच्या सशाची गुणसूत्रं ४८, यांची ४४. दोघांचा संकर होत नाही. यांची शिकारही वेगळी. स्पेनजवळच्या बेटांवर सशांनी पिकं इतकी फस्त केली की रहिवाशांनी रोमकडे राहायला दुसरी जागा मागितली, अशी नोंद भूगोलकार स्ट्रॅबोने केली आहे. उपायही त्याने सांगितलाय : मुंगसासारख्या चपळ, लांबट प्राण्यांना मुसकं बांधून बिळात सोडायचं आणि घाबरून बाहेर आलेले ससे पकडायचे.

झेनोफननंतर पाचशे वर्षांनी आरियनने त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. अलेक्झांडरच्या भारतस्वारीचा इतिहास लिहिणारा तोच हा. झेनोफनला ठाऊक नसलेली, केल्ट लोकांची वेगवान कुत्री त्याच्यापाशी होती. तो सांगतो, ससा उठल्या उठल्या कुत्री सोडू नका, त्याला पुढे जाऊ द्या; आणि दोनपेक्षा जास्त कुत्री सोडू नका. खरा शिकारी सशाला मारण्यासाठी येतच नाही, शर्यत पाहायला येतो. आरियनने कुत्र्यांच्या तावडीतून जिवंत सोडवलेले ससे मोकळे केले होते आणि पोचायला उशीर झाला तर इतका चांगला प्रतिस्पर्धी मेला म्हणून स्वतःचं कपाळ बडवून घेतलं होतं, हे त्याने स्वतःच लिहिलंय. शिकारीचा वेध घेणारा माणूस प्राण्याला ओळखू लागला की मारण्यातली गोडी कमी होते, ती अशी.

आपल्या दख्खनच्या माळांवर जो ससा दिसतो, त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. बंदूक झाडणं एवढीच शिकार नव्हे. फास लावणं, वाघूर टाकणं, हाकून पकडणं हेही कायद्याच्या लेखी शिकारच. रात्री जीप आणि बॅटरी घेऊन निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जुन्या शिकाऱ्यांच्या सूचना मात्र आजही कामाला येतात, त्या वापरून ससा पाहता येतो. माळावर गवताच्या तुटक्या काड्यांनी भरलेली, गोलसर, किंचित चपटी, फिकट लेंडी सापडली तर ती सशाची. शेळीची काळपट, गुळगुळीत आणि लांबट असते. लेंड्या सापडल्या की तिथे संध्याकाळी बांधाशी जाऊन बसा. बोलू नका, वाऱ्याकडे तोंड ठेवा. सकाळी गवतातून फिरताना मध्येच थांबा. सोबत कुत्रं असेल तर त्याच्या गळ्यातला पट्टा सोडू नका. आणि शेतात एकटं पिल्लू गप्प बसलेलं दिसलं, तर अनाथ समजून घरी आणू नका. त्याची आई मेलेली नसते, अंधार पडायची वाट पाहत असते.