उन्हाळ्यात बाग आकसू द्यावी

पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत भरभरून भाजी देणारी घरची किंवा शाळेची परसबाग मार्च सरताच का करपू लागते? ‘पाणी कमी पडते’ हे नेहमीचे उत्तर. ते चूक नाही, पण अपुरे आहे. घातलेल्या पाण्यापैकी किती पाणी मुळांतून झाडात जाते आणि किती मातीवरून परस्पर हवेत उडते, हेही पाहायला हवे. जालना जिल्ह्याचे उदाहरण घेऊन आपण हा हिशेब मांडून पाहू.

जालना शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर बरेचसे रिते होतात. त्यामुळे येथे वर्षाकाठी सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाळवंटाच्या मानाने हा पाऊस पुष्कळ आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारची हवा अतिशय कोरडी असते आणि वाराही वाहतो. अशा दिवसांत उघड्या पसरट भांड्यातील पाणी रोज १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खाली जाते. म्हणजे बागेच्या दृष्टीने जालन्याला वर्षातले काही महिने वाळवंटच असते.

मिलिमीटरचे लिटरमध्ये रूपांतर करणे सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. तेव्हा मे महिन्यात पाण्याने भरलेली एक चौरस मीटरची जागा रोज सुमारे १० लिटर पाणी हवेला देऊ शकते.

आता घरातील जमेची बाजू पाहू. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या आणि गावोगावी टँकर फिरले. अशा वर्षी पिण्याच्या पाण्यावर भाजी पिकवणे कोणालाच पटणार नाही. परसबागेचा हक्क फक्त वापरून झालेल्या पाण्यावर. चार माणसांच्या घरात प्रत्येकी १५ लिटरची एक बादली अंघोळीला लागते असे धरले, तर ६० लिटर होतात. भाज्या-तांदूळ धुतलेले १० लिटर धरून एकूण ७० लिटर. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे रोज साडेतीन लिटर पाणी धरले, तर या पाण्यात २० चौरस मीटर बाग होते. मे महिन्यात सावली व आच्छादन करूनही ७ लिटर धरावे लागतात. त्याच पाण्यात तेव्हा १० चौरस मीटरच बाग होईल. पाणी तेवढेच राहून गरज दुप्पट झाली, म्हणून बाग निम्मी करायची. आपण बहुधा उलट करतो. सगळी बाग ठेवतो आणि प्रत्येक झाडाला अर्धपोटी पाणी देतो. परिणामी सगळीच बाग मरते.

ठेवलेल्या निम्म्या बागेतही पाणी परस्पर उडू नये, यासाठी ते मातीतून कसे उडते हे समजून घ्यावे. ओल्या मातीचा पृष्ठभाग प्रथम जवळजवळ उघड्या पाण्याइतक्याच वेगाने सुकतो. वरचा थर कोरडा झाला की खालून येणारा पाण्याचा प्रवाह तुटतो आणि बाष्पीभवन एकदम मंदावते. कोरडा थर खालच्या ओलीवर झाकणासारखा असतो. रोज संध्याकाळी झारीने थोडे थोडे पाणी शिंपडले, तर आपण हे झाकण रोज उघडतो. तेवढेच पाणी चार-पाच दिवसांनी एकदम, खोलवर मुरेल असे दिले तर जास्त पाणी मुळांपर्यंत पोचते. रोजचे सांडपाणी साठवून ठेवू नये, त्याला वास येतो. त्याऐवजी बागेचे पाच भाग करून रोज एका भागाला सगळे पाणी द्यावे.

सोयाबीनचे भुसकट, गव्हाचे काड किंवा कडुनिंबाचा पालापाचोळा यांचा दोन-तीन बोटे जाडीचा थर दिला तर मातीला ऊन व वारा थेट लागत नाही. काळ्या मातीत याचा आणखी एक फायदा आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. भेगांतून कोरडी हवा खोलवर शिरते आणि मुळांजवळची ओल ओढून घेते. म्हणून भेगा दिसताच खुरपणी करून त्या बुजवाव्यात व वर आच्छादन घालावे.

वाफ्याचा आकारही ऋतूप्रमाणे बदलावा. काळ्या मातीतून पाणी सावकाश निचरते. पावसाळ्यात मुळांना हवा मिळावी म्हणून तेथे उंच गादीवाफा योग्य. उन्हाळ्यात मात्र तोच वाफा चारही बाजूंनी वाऱ्याला उघडा पडतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सुमारे १९०० मीटर उंचीवरील कोरड्या पठारावर राहणारे झुनी लोक मातीच्या छोट्या बांधांनी चौकोनी खळगे करून त्यांत भाज्या लावत आले आहेत. पाणी खळग्यातच राहते आणि रोपाला बांधाचा आडोसा मिळतो. जालन्यातही फेब्रुवारीत गादीवाफे मोडून असे खोलगट वाफे करता येतात. पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा कूड घातला की दुपारच्या उन्हापासूनही बचाव होतो.

वेलभाज्यांसाठी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व तोंड झाकावे. भोवतालची माती कोरडी असली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढते, ओली झाली की ओढ कमी होते. पृष्ठभाग कोरडाच राहतो. मात्र मडक्यात स्वच्छ, गाळलेले पाणीच घालावे, नाहीतर छिद्रे बुजतात.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. भर दुपारी भोपळ्याची पाने माना टाकतात, ती नेहमी तहानेमुळेच असे नाही. पर्णरंध्रांतून होणारा बाष्पोच्छ्वास मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वेगाने होत असतो. पाने सकाळीही मलूल असतील तरच पाणी द्यावे. दुसरे म्हणजे, कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी बागेला देऊ नये. त्यातील सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि वर कडक पापुद्रा धरतो. अंघोळीचे पाणी त्या मानाने सौम्य असते, तरी तेही पानांवर न ओतता मातीतच सोडावे आणि कच्च्या खाण्याच्या पालेभाज्यांना देऊ नये.

उन्हाळ्यासाठी ठेवायच्या निम्म्या बागेत गवार, भेंडी, चवळी लावावी. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की टोमॅटोची फुले गळतात, त्याच्यावर पाणी खर्च करण्यात अर्थ नाही. शाळेत तर सुट्टीत शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी बहुवर्षायू झाडेच जगवावीत आणि उरलेली जमीन काडाखाली झाकून ठेवावी.

हा हिशेब विद्यार्थ्यांकडून मोजून घेता येतो. २० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद, भोक नसलेली तीन सारखी टोपली-डबे घ्यावेत. तिन्हींत सारखी माती भरावी. पहिल्या दोन डब्यांत पाच दिवसांचे पाणी एकदम घालावे आणि त्यांपैकी एकावर काड पसरावे. तिसऱ्यात तेच पाणी पाच भाग करून रोज घालावे. डबे उन्हात ठेवून रोज ठराविक वेळी वजन करावे, आणि तिसऱ्या डब्यात घातलेले पाणी हिशेबात धरावे. ४० ग्रॅम घट म्हणजे १ मिलिमीटर बाष्पीभवन. हा आकडा कसा आला, ते विद्यार्थ्यांनीच शोधावे. नंतर शाळेत हात धुण्याचे किती पाणी रोज वाया जाते ते बादलीने मोजावे, आणि दोन्ही आकड्यांवरून येत्या एप्रिलमध्ये किती वाफे ठेवायचे हे वर्गाने ठरवावे.