लोहाच्या वाटेने आत

जिवाणूला जगायला लोह लागतं. आपल्या शरीरात ते मोकळं पडलेलं नसतं, म्हणून जिवाणू सायडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतो. ते लोहाला धरतात आणि जिवाणू त्यांना आत ओढून घेतो. ओसाकाच्या शिओनोगी कंपनीतल्या संशोधकांनी नेमकी हीच वाट हेरली. सेफिडेरोकॉल या सेफॅलोस्पोरिन गटातल्या प्रतिजैविकाला त्यांनी लोह धरणारा हात जोडला. भुकेला जिवाणू लोहाबरोबर औषधही आत घेतो, आणि मग त्याला स्वतःची भिंत बांधता येत नाही. कार्बापेनेम या प्रबळ प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या अनेक जिवाणूंवरही ते चालतं. अमेरिकेत त्याला २०१९मध्ये मान्यता मिळाली.

ज्या देशांत असे जिवाणू सर्वाधिक छळतात, तिथं हे औषध पोचवणार कोण? नवं प्रतिजैविक राखून ठेवायचं असतं. दुसरं काही लागू पडत नसेल तेव्हाच, तेही थोडेच दिवस द्यायचं. डॉक्टरांचं हे शहाणपण कंपनीच्या मुळावर येतं. अमेरिकेतल्या अकेओजेन कंपनीच्या प्लाझोमिसिन या प्रतिजैविकाला जून २०१८मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. मला हे सगळ्यात भयंकर वाटतं: औषध पास झालं, कंपनी बुडाली.

म्हणूनच जून २०२२चा करार मला मोलाचा वाटतो. जिनिव्हाची गार्डपी ही ना-नफा संस्था २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणारी डीएनडीआय यांनी उभी केली. शिओनोगीनं तिला १३५ देशांसाठी सेफिडेरोकॉल बनवून पुरवण्याचा परवाना दिला. क्लिंटन हेल्थ ॲक्सेस इनिशिएटिव्ह ही संस्थाही सोबत आहे. नुसत्या परवान्याच्या कागदावर औषध बनत नाही, कृतीही हातात द्यावी लागते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं त्याच वर्षी याच औषधासाठी वेगळी वाट धरली: किती बाटल्या खपल्या ते न मोजता ठरलेली वार्षिक रक्कम. उद्योगानं या क्षेत्रात टिकावं असं वाटत असेल, तर पैसा खपापासून असाच सोडवावा लागेल, असं माझं ठाम मत आहे.

गार्डपीकडून उत्पादनाचा उपपरवाना चेन्नईच्या ऑर्किड फार्माकडे आला. या कंपनीला सेफॅलोस्पोरिनची जुनी सवय आहे. प्रतिजैविकाला साथ देणारा एन्मेटाझोबॅक्टॅम हा रेणूही तिच्याच प्रयोगशाळेतला. सेफॅलोस्पोरिन औषधांचं उत्पादन इतर औषधांपासून वेगळं ठेवतात, कारण त्यांची चिमूटभर धूळ दुसऱ्या गोळीत गेली तरी ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

सेफिडेरोकॉलच्या बाटलीत एक ग्रॅम पांढरट पूड असते. मूत्रपिंड ठीक असलेल्या मोठ्या माणसाला दर आठ तासांनी दोन ग्रॅम, सलाईनमधून तीन तास सावकाश. बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. कारखान्यापासून दूरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत हा गारवा टिकवायला हवा, आणि रुग्णाच्या रक्तातला जिवाणू नेमका कोणता हे सांगणारी कल्चरची सोय तिथं, त्याच इमारतीत, रात्रीही चालू असायला हवी.