लेप्टोची लस आणि चिखलातला माणूस

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. पाणी ओसरल्यावर दुसरे संकट आले ते लेप्टोस्पायरोसिसचे. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रपिंडात राहणारे हे जिवाणू लघवीवाटे पाण्यात व चिखलात उतरतात आणि माणसाच्या पायावरच्या साध्या जखमेतूनही शरीरात शिरतात. भातखाचरात राबणारा शेतकरी आणि गटारात उतरणारा सफाई कामगार हे त्यांचे नित्याचे भक्ष्य होत. जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा रोग जडतो व जवळजवळ ५९ हजार दगावतात, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या रोगावर लस नाही असे नव्हे. मारलेल्या जिवाणूंपासून केलेली लस क्यूबा, फ्रान्स, चीन आदी देशांत माणसांना दिली गेली आहे. परंतु या जिवाणूंचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत. अशा लसीने शरीरात निर्माण होणारी प्रतिपिंडे मुख्यतः जिवाणूच्या बाह्यावरणातील शर्करायुक्त घटकाला ओळखतात आणि हा घटक उपप्रकारागणिक बदलतो. त्यामुळे एका उपप्रकारावरची लस दुसऱ्यापुढे हतबल ठरते. शिवाय तिचा प्रभाव अल्पकाळ टिकत असल्याने ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

म्हणूनच शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथिनांकडे वळले. जिवाणूच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने अनेक उपप्रकारांत बव्हंशी सारखी असतात. अशा प्रथिनाचे जनुक निरुपद्रवी जिवाणूत घालून ते प्रथिन हवे तितके तयार करावयाचे व तेच लस म्हणून टोचावयाचे, ही पुनर्संयोजित लसीमागील कल्पना. २००३ मध्ये या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि या शोधाला वेग आला. 'लिग-ए' या प्रथिनाने प्रयोगशाळेतील हॅमस्टरना मृत्यूपासून वाचविले. मात्र वाचलेल्या प्राण्यांच्या मूत्रपिंडात जिवाणू तग धरून राहिल्याचेही आढळले. प्राणी जगला, पण रोगाचा वाहक राहिला. इतर प्रथिनांचे निष्कर्ष तर एका प्रयोगशाळेत एक, दुसरीत दुसरेच!

अडचण केवळ शास्त्राची आहे काय? कावीळ-ब वरील पुनर्संयोजित लस १९८६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि १९९७ मध्ये हैदराबादच्या कंपनीने ती भारतात बनविली. त्या लसीला श्रीमंत देशांतही मागणी होती. लेप्टो हा मात्र प्रामुख्याने गरिबांचा रोग. चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या खिशाकडे पाहून कोणतीही कंपनी कोट्यवधी रुपये गुंतविणार नाही. पाळीव कुत्र्यांसाठी लेप्टोची लस बाजारात मिळते. गटारात उतरणाऱ्या कामगारासाठी आपल्या देशात ती वापरात नाही. या विसंगतीतच सारे काही आले.

तेव्हा हे संशोधन सार्वजनिक पैशातूनच व्हावयास हवे, आणि त्यासाठी कोकणातील भातखाचरे व महानगरांच्या झोपडपट्ट्यांत कोणते उपप्रकार वावरतात याची नोंद सातत्याने ठेवावयास हवी. लस हाती येईपर्यंत गमबूट, उंदरांचा बंदोबस्त आणि वेळेवर औषध हीच ढाल होय. ती देखील ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर उद्याची लस तरी त्याच्यापर्यंत कशी पोहोचणार?