गरम जॉबचे माप

भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नवा शिकाऊ मुलगा आला, की त्याची एक चूक ठरलेली असते. लेथवरून उतरलेला जॉब तो लगेच मायक्रोमीटरमध्ये धरतो. माप थोडे जास्त येते, म्हणून तो आणखी एक कट मारतो. तासाभराने जॉब थंड होतो आणि लहान भरतो. मग तो स्क्रॅपच्या पेटीत जातो.

चूक मायक्रोमीटरची नसते. पोलाद तापले की प्रसरण पावते. लांबीची मापे जगभर २० अंश सेल्सिअस तापमानाला धरतात. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब ४० अंशांवर मोजला, तर तो सुमारे २३ मायक्रॉनने जास्त भरतो. म्हणून मोठ्या कारखान्यांत तपासणीची खोली वातानुकूलित असते आणि जॉब तिथे काही वेळ नुसता ठेवून मग मोजतात. माझे वडील अशाच एका खोलीत नोकरीला होते. ‘आधी निवू दे’ हे त्यांचे वाक्य आमच्या घरी चहापासून भांडणापर्यंत सगळ्याला लागू होते.

हे वाक्य मला आठवले ते एका मुलीच्या गुणपत्रिकेवरून. मुलगी चिखलीची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दहावीला ८८ टक्के, अकरावीत दोन विषय गेलेले, बारावीच्या सहामाहीत भौतिकशास्त्रात ७० पैकी ११. तिचे वर्गशिक्षक माझे शाळासोबती. ‘तू डॉक्टर आहेस, जरा बोल तिच्याशी,’ म्हणून तिला घेऊन आले. मी प्रयोगशाळेत पेशींवर काम करणारी डॉक्टर, औषधे देणारी नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. पण मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढताच घरचे बिथरले होते, आणि माझ्याकडे यायला कुणाची हरकत नव्हती.

सरांना काय खटकले होते, तर तिचे जीवशास्त्राचे जर्नल. जुलैपर्यंतच्या आकृत्या नीट, पेन्सिलला टोक काढून काढलेल्या. ऑगस्टपासून पाने कोरी. गुण बऱ्याच मुलांचे घसरतात, पण हौसेने करायची गोष्ट अचानक थांबली, याकडे त्यांचे लक्ष गेले. मला वाटते, या साऱ्या प्रकरणात सर्वांत चांगले निरीक्षण तेच होते.

ती म्हणाली, ‘पान वाचते, उलटते, आणि आधीच्या पानावर काय होते ते आठवत नाही. मी ढ झालेय.’ तिला डॉक्टर व्हायचे होते. आता ते संपले, असे ती रडत नव्हे तर अगदी सपाट आवाजात सांगत होती. वडील चाकणला कामाला, दर आठवड्याला पाळी बदलणारी. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपणार, मग एका खोलीच्या घरात मुलांनी आवाज करायचा नाही. शिफ्टमुळे तिला नैराश्य आले असे मी म्हणणार नाही. या आजाराला एकच कारण क्वचित सापडते. पण झोपेचे वेळापत्रक मोडलेले घर या पट्ट्यात नवे नाही, आणि अपुरी झोप या आजारात भर घालते.

नैराश्य म्हणजे नुसते वाईट वाटणे नव्हे. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ टिकते. जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, कधी जगणे नकोसे होते. किशोरवयात उदासीऐवजी चिडचिडच जास्त दिसू शकते, म्हणून आपण तिला ‘उद्धटपणा’ म्हणून मोकळे होतो.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते एकाग्रतेचे. रसायनशास्त्रातले मोलचे साधे गणित घ्या. रेणुभार मनात धरायचा, वस्तुमानाला त्याने भागायचे, समीकरणातले गुणोत्तर लावायचे आणि आपण काय शोधत होतो हेही विसरायचे नाही. मनाच्या या छोट्या फळ्याला कार्यस्मृती म्हणतात. फळा मुळातच लहान. नैराश्यात त्यावर ‘मला जमणार नाही’, ‘घरी काय सांगू’ हेच पुन्हा पुन्हा लिहिले जाते आणि गणिताला जागा उरत नाही. विचारांचा वेगही मंदावतो. त्यातच दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, आणि इथे तर झोपच मोडलेली. अशा मुलीची तीन तासांची परीक्षा घेतली, तर आलेले गुण खोटे नसतात, पण ते तापलेल्या जॉबचे माप असते. त्यावरून आपण शिकवण्या वाढवतो, बोलतो, दुसऱ्या मुलांशी तुलना करतो. म्हणजे आणखी एक कट मारतो. तिच्या वडिलांनी तर सरांना तिला कॉमर्सला घालण्याबद्दल विचारले होते.

या आजारात माणूस स्वतःचे माप स्वतःही चुकीचे घेतो. हे ज्याने नीट अभ्यासले, त्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांचे बालपण इथे सांगण्यासारखे आहे. जन्म १९२१ चा. लहानपणी हात मोडला, जखमेचे विष अंगभर पसरले, जिवावर बेतले. शाळा बुडाली आणि त्यांना वर्गात मागे ठेवले. आपण मंदबुद्धी आहोत, अशी त्यांची खात्रीच झाली. पुढे भावांच्या मदतीने अभ्यास करून त्यांनी बरोबरीच्या मुलांना गाठले आणि मागेही टाकले. शस्त्रक्रियेच्या अनुभवाने रक्ताची भीती बसलेली असतानाही ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १९४६ मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे नैराश्याचे रुग्ण तपासताना त्यांच्या लक्षात आले, की या रुग्णांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी काळे निष्कर्ष आपोआप उमटत राहतात, आणि ते पुराव्याशी ताडून पाहिलेले नसतात. ते ताडून पाहायला रुग्णालाच शिकवायचे, हा त्यांच्या उपचारपद्धतीचा गाभा. नैराश्यावरच्या सर्वाधिक अभ्यासलेल्या उपचारांत आज तिची गणना होते. बेक २०२१ मध्ये, वयाच्या शंभरीत वारले.

आमच्या मुलीला आधी घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेले. हे योग्यच झाले, कारण रक्तक्षय किंवा थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे यांतही असाच थकवा आणि मंदपणा येतो. हिमोग्लोबिन कमी निघाले, पण एवढ्याने सगळे स्पष्ट होत नाही, असे सांगून त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. ‘डॉक्टरांनी पाठवले’ म्हटल्यावर घरचे गेले! गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही सुरू झाले. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. आणखी एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही: मन हलके झाले तरी एकाग्रता मागाहून येते. झोप आणि हसणे परत आले म्हणून लगेच बारा तासांच्या क्लासला जुंपणे घाईचे ठरते.

मग उरतो तो तिचा प्रश्न: आता डॉक्टर होता येईल का? मी बारावीला होते तेव्हा भौतिक, रसायन, जीवशास्त्र या ग्रुपच्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश ठरे. बिघडलेले एक वर्ष म्हणजे कायमचे बंद दार. आता तसे नाही. एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत दहावीचे गुण धरतच नाहीत. बारावीला या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गासाठी ५० आणि राखीव वर्गांसाठी ४० टक्के हवेत. तेवढे मिळाले की क्रम लागतो नीटच्या ७२० गुणांवर. त्यांतले ३६० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. किती वेळा बसावे यावर बंधन नाही आणि वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. नैराश्य होऊन गेलेल्याने नीटला बसू नये, असा कुठलाही नियम नाही.

पण दार उघडे आहे म्हणजे आत जागा आहे असे नव्हे. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर होत्या. आजारातून उठलेल्या मुलाला ‘मनात आणलेस तर नक्की जमेल’ असे सांगणे मला धोक्याचे वाटते. न जमल्यास दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो. किती वेळा प्रयत्न करायचा हे आधीच, बरे असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. फिजिओथेरपी, नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांची माहितीही सुरुवातीलाच द्यावी, नापास झाल्यावरचे सांत्वन म्हणून नव्हे.

शिवाय प्रवेशाने आजार संपत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालात २५ हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन पाहणीचे आकडे दिले. त्यांतल्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले होते. वेळीच उपचार मागायची सवय ज्याला आधीच लागली आहे, तो विद्यार्थी तिथे दुबळा ठरेल असे मला तरी वाटत नाही.

शाळा-महाविद्यालयांबद्दल एक सांगायला हवे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या: १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि गुणांनुसार तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे टाळावे. सूचना खासगी क्लासनाही लागू आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. तो वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागू नये. एखादा मुलगा मरणाची भाषा बोलला, तर मात्र फळ्यावर विसंबू नका; त्याला एकटे सोडू नका, मोकळेपणाने विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे.

मुलीने बारावी पुरवणी परीक्षेत सोडवली. पहिल्या नीटला गुण कमी पडले, दुसऱ्यालाही. तिसरी शेवटची, असे ठरलेलेच होते. मधल्या काळात ती सकाळी सरांच्या धाकट्या मुलीला शिकवी, आणि आकृत्या पुन्हा काढू लागली होती. तिसऱ्या वेळी मराठवाड्यातल्या एका सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली.

प्रवेशाच्या कागदांत मधल्या वर्षांचे प्रतिज्ञापत्र मागितले होते. वडील रात्रपाळी करून थेट पिंपरीला आले, टंकलेखकासमोर बसले आणि अडले. कारण काय लिहायचे? त्यांनी तिच्याकडे पाहिले. टंकलेखकाने सुचवले, ‘घरगुती अडचण लिहू का?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘आजारी होते, असे लिहा.’