न रुजलेले बी मेलेलेच असते का?

गोकर्णीचा वेल तुम्ही पाहिलाच असेल. गडद निळ्या फुलांचा हा वेल आमच्या मूलमध्ये कितीतरी कुंपणांवर चढलेला दिसतो. त्याची चपटी शेंग वाळली की उकलते आणि आतून काळपट, कडक बिया मिळतात.

काही वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस पडल्यावर मी अशा वीस बिया कुंड्यांत पेरल्या. पंधरवडा लोटला, पण तीनच उगवल्या. ‘बी खराब निघाले’ असे म्हणून मी कुंड्यांतली माती परसात ओतून टाकली. पुढच्या पावसाळ्यात नेमक्या त्याच जागी गोकर्णीची पाच-सहा रोपे उभी! ज्या बियांना मी मेलेल्या ठरवले होते, त्यांतील काही वर्षभर मातीत जिवंत होत्या. मग त्या आधीच का उगवल्या नाहीत? पाणी तर मी रोज घालत होतो.

पाणी बियांवर पडत होते, पण आत जात नव्हते. रुजण्यासाठी बियाला प्रथम पाणी शोषावे लागते. त्यामुळे बी फुगते, आतील विकरे कामाला लागतात आणि साठवलेले अन्न अंकुराला मिळते. गोकर्णीच्या बियाचे कवच मात्र एकमेकींना घट्ट चिकटलेल्या उभ्या पेशींचे असते. त्यातून पाणी झिरपत नाही.

असे असेल, तर शेंगेतले ओले बी वाळते कसे? १९५४ साली हाइड या शास्त्रज्ञाने क्लोव्हर व ल्युपिन या गोकर्णीच्याच कुळातील वनस्पतींच्या बियांत याचा उलगडा केला. बी शेंगेला जेथे चिकटलेले असते, तेथील ठिपक्यात एक सूक्ष्म चीर असते. हवा कोरडी असली की ती उघडते आणि आतील बाष्प बाहेर जाते. हवा दमट झाली की ती मिटते. सायकलच्या ट्यूबची झडप हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. येथे नेमके उलटे!

ही खटपट कशासाठी? आमच्याकडे पऱ्ह्यांत टाकलेले धान कसे एकदम उगवते! कारण हजारो वर्षे माणसाने एकदम उगवणारेच धान पुढे पेरले. रानातल्या वेलाला पाणी घालणारा कोणी नसतो. एप्रिलमध्ये अवकाळी सर आली आणि सगळ्या बिया रुजल्या, तर मेच्या उन्हात एकही रोप उरणार नाही. म्हणून काही बिया यंदा, काही पुढच्या वर्षी. दरम्यान ऊन-पावसाने कवच हळूहळू सैल होते.

हेच काम आपण मिनिटभरात करू शकतो. गोकर्णीच्या वीस वाळलेल्या बिया घ्या. दहा बिया काचकागदावर, म्हणजे पॉलिश पेपरवर, हलक्या घासा. आतला फिकट भाग किंचित दिसला की थांबा. ठिपक्याजवळ घासू नका. आतील कोवळे मूळ तेथेच असते. उरलेल्या दहा तशाच ठेवा. दोन्ही गट वेगवेगळ्या वाट्यांत रात्रभर भिजवा. (बिया तोंडात घालू नका.) सकाळी प्रत्येक वाटीतील फुगलेल्या बिया मोजून वहीत लिहा.

मग दोन कुंड्यांत त्या सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरा. उन्हाची जागा निवडा. माती ओली ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. रोपे वीतभर झाली की बांबूची कामटी रोवा. वेल आपणहून तिला वेढे घालील.

दुसऱ्या कुंडीत न उगवलेल्या बिया मात्र फेकू नका. कुंडीवर तारीख लिहा आणि पुढच्या जूनमध्ये ती तुमच्या मागच्या वर्गाच्या स्वाधीन करा. उरलेली मोजणी त्यांना करू द्या.